संजीवनी कोणासाठी?

कोपरगावच्या बेटात, गोदावरीच्या काठी, शुक्राचार्यांचे मंदिर आहे. कच येथेच संजीवनी विद्या शिकला, अशी या परिसराची श्रद्धा. (येथे लग्न लावायचे तर मुहूर्त पाहावा लागत नाही, हीही एक समजूत, तिच्यामुळे मंदिराचा लौकिक पुराणकथेपेक्षा अधिक पसरला आहे.) याच कोपरगावी १७८३ च्या डिसेंबरात रघुनाथराव पेशव्यांचा देह पडला. एक कथा पुराणातली, दुसरी दप्तरातली. इप्सित साध्य झाल्यावर माणसाच्या पदरी काय उरते, या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे एकाच गावात सापडतात. परीक्षांचे निकाल लागताच चौकाचौकांत गुणवंतांच्या अभिनंदनाचे फलक उभे करणाऱ्या आजच्या समाजाने ती दोन्ही एकदा शेजारी ठेवून पाहावीत.

रघुनाथरावांना यश मिळालेच नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. १७५८ च्या एप्रिलात मराठी फौजांसह ते लाहोरास पोचले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. त्याच मोहिमेत मराठ्यांनी अटक गाठली आणि ‘अटकेपार झेंडे’ हा शब्दप्रयोग मराठी भाषेत कायमचा रुजला. एवढी कीर्ती एखाद्याला जन्मभर पुरावी. पण जे मिळाले त्यापेक्षा जे पुतण्याकडे आहे त्यावरच त्यांची दृष्टी खिळून राहिली. थोरल्या माधवरावांशी झगडा झाला, धोडपला पराभव झाला, नजरकैद भोगावी लागली. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर पेशवाईची वस्त्रे अंगावर आली ती काही महिन्यांपुरतीच. पुढे सुरतेचा तह, इंग्रजांचा आश्रय, वडगाव आणि अखेर १७८२ चा सालबाईचा तह. या तहाने त्यांना दरमहा पंचवीस हजार रुपयांचा तनखा आणि हवे तेथे राहण्याची मुभा मिळाली. त्यांनी कोपरगाव निवडले. वर्षाला तीन लाख रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. अर्थशास्त्राच्या रूढ हिशेबाने पाहिले तर त्यांना उणे असे काहीच नव्हते.

हा रूढ हिशेब कोठे चुकतो, हे अर्थशास्त्राच्या जनकालाही ठाऊक होते. ॲडम स्मिथने १७५९ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथात एका गरीब घरच्या मुलाचे चित्र रेखाटले आहे. श्रीमंतांचे ऐश्वर्य पाहून तो महत्त्वाकांक्षेने झपाटतो, आयुष्यभर कष्ट उपसतो आणि म्हातारपणी त्याला उमगते की ज्या सुखासाठी हे सारे केले ते मुळात हाताशीच होते. स्मिथचा खोचकपणा असा की, या भ्रमामुळेच जगाचे उद्योग चालतात, हेही तो लगोलग सांगून टाकतो. पुढे १९७४ मध्ये रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने निष्कर्ष मांडला की, एका देशात एका वेळी श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा अधिक सुखी आढळली, तरी सबंध देशाचे उत्पन्न कालांतराने वाढले म्हणून लोकांचे समाधान त्या मानाने वाढत नाही. २००८ साली स्टीव्हन्सन आणि वुल्फर्स यांनी अधिक देशांची आकडेवारी घेऊन या निष्कर्षाला आव्हान दिले. तो वाद अजून मिटलेला नाही.

मात्र या वादाचा आधार घेऊन गरिबाला संतोषाचा उपदेश करणे हा शुद्ध दांभिकपणा होय. गोदावरीचे कालवे येण्यापूर्वीचा कोपरगाव तालुका हा अवर्षणाचा मुलूख होता. पाटाचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले, शाळा-महाविद्यालये निघाली. त्यामुळे माणसे खरोखरच सुखी झाली. ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याला पाणीच हवे असते, तत्त्वज्ञान नव्हे. प्रश्न सुरू होतो तो पाणी मिळाल्यानंतर.

तेथे फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्ये केलेला एक भेद उपयोगी पडतो. काही गोष्टी सर्वांना एकाच वेळी मिळू शकतात: अन्न, औषध, अक्षरओळख. काहींचे मूल्य मात्र त्या इतरांना न मिळण्यातच असते. पहिला क्रमांक एकालाच मिळतो, अध्यक्षाची खुर्ची एकच असते. अशा गोष्टींचा आनंद शेजाऱ्याच्या मागे राहण्यावर अवलंबून असल्यामुळे तो टिकाऊ नसतो. शेजारी पुढे सरकला की तो संपतो. सहकारी संस्थांच्या निवडणुकांत भले भले लोक वार्धक्यातही खुर्ची का सोडत नाहीत, याचे कारण दरवेळी लोभ हेच असते असे नाही. कित्येकदा त्या खुर्चीवाचून आपण कोण, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते. स्पर्धा परीक्षेत दोन-तीन गुणांनी हुकलेल्या तरुणाची अवस्था याहून निराळी नसते, आणि ती अधिक करुण असते. कारण त्याला हा मापदंड वडीलधाऱ्यांनीच हाती दिलेला असतो.

कचाची कथा येथे वेगळी वाट दाखवते. देवांनी त्याला विद्येसाठी पाठविले, असुरांनी पुन्हा पुन्हा ठार केले, तरी त्याने ती विद्या हस्तगत केली. यशाचा तिरस्कार त्याने कधीच केला नाही. पण त्याने प्रेम नाकारताच देवयानीने शाप दिला की ही विद्या तुला फलद्रूप होणार नाही. कचाने शाप स्वीकारला आणि उत्तर दिले की, मी ज्याला शिकवीन त्याला ती फळेल. महाभारतातला हा प्रसंग ‘विद्याहरण’ नाटकामुळे मराठी माणसाच्या परिचयाचा झाला. परंतु या उत्तरातले मर्म सहसा कोणी लक्षात घेत नाही. जे स्वतःच्या उपयोगाचे राहिलेले नाही ते दुसऱ्याच्या हाती फळावे, यातच त्याला आपल्या श्रमांचे सार्थक दिसते. विद्या दिल्याने उणी होत नाही, म्हणून तिच्या बाबतीत हर्श यांची अडचण उद्भवत नाही. देवयानीच्या वाट्याला जे आले त्याकडे मात्र डोळेझाक करता येणार नाही. कचाच्या कृतार्थतेची किंमत तिनेही मोजली.

पुराणकथा म्हणून हे बाजूला सारायचे असेल, तर नगर जिल्ह्यातच धनंजयराव गाडगीळांचे उदाहरण आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक म्हणून त्यांची विद्वत्ता देशभर मान्य झाली होती. तरीही विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना संघटित करून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा गाडगीळांनी पहिली काही वर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळले. पुण्यातल्या विद्वानाला त्या खटाटोपातून नवी प्रतिष्ठा मिळण्यासारखी नव्हती. आपले शास्त्र उसाच्या शेतात खरे ठरते का, हे पाहण्याची ओढ मात्र होती. पुढे ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि ते पद सोडून दिल्लीहून पुण्याला परतताना, १९७१ च्या मे महिन्यात, आगगाडीतच त्यांचे निधन झाले. त्यांच्यासंबंधीचे मतभेद संपलेले नाहीत. तथापि त्यांनी चालविलेल्या कारखान्याचा कित्ता पुढे राज्यभर गिरवला गेला.

रघुनाथरावांनी पाठीमागे काय ठेवले? त्यांच्या मृत्यूसमयी मुलगा बाजीराव आठ वर्षांचा होता. वडिलांना न लाभलेल्या पदाची ओढ घेऊनच तो वाढला. १७९६ मध्ये पेशवा झाला, आणि १८१८ मध्ये राज्य गमावून, वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर, ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला.