कपाटाची किल्ली कुणाकडे?

रावेत परिसरातल्या एका शाळेत आम्ही मुलींचा गट चालवतो. पाळी, छेडछाड, लवकर होणारी लग्नं, अशा सगळ्या विषयांवर बोलणं होतं. एकदा मी सहज विचारलं, "शाळेच्या वाचनालयातलं कोणतं पुस्तक आवडलं?" मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. सातवीतली एक म्हणाली, "ताई, ते कपाट ना? त्याला कुलूप असतं."

मी तावातावानं शिक्षिकेकडे गेले. त्यांनी शांतपणे साठा नोंदवही पुढे ठेवली. कपाटातलं प्रत्येक पुस्तक त्यांच्या नावावर होतं. "पोरीनं घरी नेलं आणि धाकट्या भावानं फाडलं, तर जाब मला. मग मी कुलूप लावते." माझा राग ओसरला. कुलूप बाईंच्या हातानं लागलं होतं, पण ते लावायला लावणारी पद्धत वेगळीच होती.

मग आम्ही पुस्तकं गोळा करायला निघालो. १९९७ साली रावेत महापालिकेत आलं. आज शेतांच्या जागी उंच इमारती आहेत. आमच्या मुलींच्या आया तिथंच धुणीभांडी, स्वयंपाक करतात. तिथून पोती भरून पुस्तकं मिळाली. उघडून बघतो तर जुनी गाइडं, बाद झालेली कॉम्प्युटरची पुस्तकं आणि आदर्श गृहिणी होण्याचे धडे! देणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण विटकी साडी कामवालीला द्यावी, तशी ही पुस्तकं आली होती. आणि आम्हीही ती "मदत" म्हणून आनंदानं उचलून आणली, हे कबूल करायला हवं.

शेवटी मुलींनाच निवडायला बसवलं. बरीचशी पुस्तकं रद्दीत गेली. ते पैसे आणि थोडी वर्गणी घालून नवी घेतली. माधुरी पुरंदऱ्यांची 'राधाचं घर' आणली, भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आणला, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलांसाठी हिंदी गोष्टीही आणल्या. वर्गात दोरी बांधून पुस्तकं लटकवली. नोंदवही मुली लिहू लागल्या.

महिन्यानं ती वही चाळली, तर घरी पुस्तक नेणाऱ्यांत बहुतेक नावं मुलांची! का? मुलींनी सांगितलं, "ताई, घरी गेल्यावर पाणी, भांडी, लहान भाऊ. हातात पुस्तक दिसलं की कुणीतरी काम सांगतंच." बसून वाचणारा मुलगा अभ्यास करत असतो आणि बसून वाचणारी मुलगी रिकामी असते! आपल्यापैकी किती जणींनी हे लहानपणी ऐकलं नाही?

तेव्हा आठवड्यातले दोन तास शाळेतच वाचनाला मागून घेतले. धाकट्या भावंडांनाही आत बसू दिलं. आता मुली वाचतात. काही तर भावाला मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचतात.

इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, पुण्यातल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. याच शाळांतल्या एका मुलीनं बक्षीस समारंभात पाहुण्यांना सांगितलं, की आम्हाला खेळणी-खाऊ नको, शाळेला ग्रंथालय द्या, अशी आठवण सांगितली जाते. आजही मागणी तीच करावी लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकंही हवीत. म्हणजे हा कुणाच्या दानतीचा प्रश्न नाही, हा हक्क आहे.

पण कायद्यानं कपाट आलं तरी कुलूप निघत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की पुस्तकं गोळा करण्याआधी आपण तीन गोष्टी मागूया. वापरात फाटलेल्या, हरवलेल्या पुस्तकांची भरपाई शिक्षिकेकडून किंवा मुलीच्या आईकडून मागू नये. दरवर्षी काही पुस्तकं जाणार, हे धरूनच तरतूद व्हावी. वाचनाचा तास वेळापत्रकात असावा. आणि पुस्तकं निवडताना मुलींना विचारावं.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. आपल्या गटातल्या कितीतरी आया तिथं सही करून परत येतात. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत त्यांच्यासोबत बसून एवढंच विचारायला सांगूया : कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, आणि मागच्या महिन्यात किती मुलींनी पुस्तक घरी नेलं? उत्तर काय येईल, ते बहुधा आपल्याला ठाऊक आहे. तरी विचारूया. प्रश्न बैठकीच्या इतिवृत्तात लिहिला गेला, की पुढच्या वेळी त्याचं उत्तर द्यावं लागतं.