घर पाहावे बांधून, हप्ते पाहावे फेडून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. बिचाऱ्यांच्या काळी गृहकर्जाचा हप्ता नव्हता, नाहीतर या म्हणीला तिसरा चरण खचित जोडला गेला असता. वीस वर्षांच्या मुदतीवर घेतलेल्या घराच्या दारावर पाटी आपली असते, कागद मात्र बँकेच्या कपाटात असतात. हप्ते नियमित जात आहेत तोवर ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही. ते थकले की मग घरातल्या भिंतीसुद्धा परक्या वाटू लागतात.

हा विषय वाणिज्य शाखेचा, कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे, की थकलेल्या हप्त्यांच्या पायी घर जाते तेव्हा त्यात पैशाइतकाच वाटा न वाचलेल्या कागदांचाही असतो. आणि वाचणे हा तर आपला धंदा!

आपल्या ग्रंथालयात येणारे कोणतेही मराठी दैनिक घ्या. आतल्या पानावर 'ताबा सूचना' अशा मथळ्याच्या चौकटी दिसतील. कर्जदाराचे नाव, पत्ता, थकलेली रक्कम, घराच्या चारही दिशांच्या हद्दी. गावाला हे सारे कळते आणि ज्याच्यासाठी छापले त्यालाच काय लिहिले आहे ते कळत नाही. 'ज्याअर्थी निम्नस्वाक्षरीकार' असे सुरू झालेले वाक्य पंधरा ओळींखाली कुठेतरी श्वास घेते. ताबा घेतल्यापासून सात दिवसांच्या आत ही सूचना दोन दैनिकांत छापावी, त्यांपैकी एक त्या भागातल्या भाषेचे असावे, असा नियम आहे. लोकांना समजावे हाच त्यामागचा हेतू असणार. पण त्या चौकटीत कर्जदाराच्या उपयोगाचे असे एकच वाक्य असते आणि त्यात शब्द असतो 'विमोचन'. मी आमच्या वर्गातल्या, मराठी विषय घेतलेल्या सात जणांना त्याचा अर्थ विचारला. दोघांनी पुस्तक प्रकाशनाचा समारंभ सांगितला! विमोचन म्हणजे गहाण पडलेली वस्तू पैसे भरून सोडवून घेणे. 'गहाणाची सोडवणूक' असे लिहिले असते तर माझ्या निरक्षर आजीलाही कळले असते.

या सगळ्यामागे २००२ सालचा एक कायदा आहे. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव आद्याक्षरांनी 'सरफेसी' असे झाले आहे. त्याअन्वये बँकेला गहाण घर विकण्यासाठी आधी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. 'मी कोर्टातून स्टे आणतो' म्हणणारे एक काका प्रत्येक घराण्यात असतात. त्यांना हे नम्रपणे सांगावे, की दिवाणी कोर्टाला या प्रकरणांत हात घालण्याची मुभाच सहसा नाही. दाद मागायची ती कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे. ते मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहे.

मात्र हाच कायदा कर्जदारालाही दिवस देतो, आणि ते मोजून दिलेले आहेत. थकबाकी ९० दिवसांहून जुनी झाली की खाते 'अनुत्पादित' ठरते. मग बँक नोटीस धाडते, ती साठ दिवसांची. यात मागणी नुसत्या थकलेल्या हप्त्यांची नसते, सबंध कर्जाची असते. म्हणून आकडा पाहून माणसाचे पाय लटपटतात. या नोटिशीला लेखी उत्तर देता येते आणि बँकेने त्यावरचे आपले म्हणणे, कारणांसह, पंधरा दिवसांत कळवावे लागते. साठ दिवस सरले की बँक ताबा घेऊ शकते. बहुधा आधी कागदोपत्री म्हणजे 'सांकेतिक' ताबा, आणि पुढे जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या मदतीने प्रत्यक्ष. ताब्याविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जायला पंचेचाळीस दिवस असतात. विक्रीपूर्वीही तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. सोडवणुकीचा हक्क पूर्वी विक्री होईपर्यंत शाबूत असे. २०१६ च्या दुरुस्तीने तो विक्रीची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच उरला, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसाच अर्थ लावला. तेव्हा 'लिलावाच्या आदल्या दिवशी बघू' हा आपल्याकडचा लाडका हिशेब आता जमणारा नाही.

हे दिवस जातात कोठे? आमच्या घरचेच सांगतो. दादांचा कारखाना बंद पडला तेव्हा चार हप्ते राहिले. रजिस्टर पत्र आले. आईने सही करून घेतले आणि देव्हाऱ्यामागे ठेवून दिले. फोडले नाही. दादांनीही विचारले नाही. पाकीट बंद आहे तोवर संकटही बंद आहे, अशी काहीशी दोघांची समजूत असावी. दिवाळीच्या साफसफाईत ते माझ्या हाती लागले तेव्हा साठांतले बावीस दिवस गेले होते. शेजारी कळू नये म्हणून दादा बँकेच्या रस्त्यानेसुद्धा जात नसत. ज्यांनी हयातीत कोणाचे पाच रुपये बुडवले नाहीत, त्यांना थकबाकीदार हा शब्द चोर या शब्दासारखा लागतो. मला या लाजेचा राग येत नाही. पण ती लाज महाग पडते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मामांनी उपाय सुचवला, गावातल्या एका सावकाराकडून पैसे उचलण्याचा. दर महिना शेकडा पाच. ऐकायला हलके वाटते. वर्षाचे साठ टक्के होतात. म्हणजे नऊ टक्क्यांच्या कर्जाची आग साठ टक्क्यांच्या रॉकेलने विझवायची! शिवाय २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे, ही गोष्ट मामांना आणि बहुधा त्या सावकारालाही ठाऊक नव्हती.

शेवटी दादा आणि मी लेखी अर्ज घेऊन बँकेत गेलो. आईच्या पाटल्या आणि दादांची मोटारसायकल विकून चारही हप्ते भरले. हे चारही भरणे महत्त्वाचे होते. एकदा खाते अनुत्पादित ठरले की एखादा हप्ता भरून ते पूर्वपदावर येत नाही, सगळी थकबाकी चुकवावी लागते, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. बँकेने नोटिशीपुढची कारवाई थांबवली आणि मुदत वाढवून हप्ता कमी केला. दादांचा शेवटचा हप्ता आता त्यांच्या वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी जाईल. याला सुटका म्हणावे की काय, मी ठरवू शकलेलो नाही.

कारण हप्त्याचे गणित मोठे विलक्षण आहे. दहा लाख रुपये, नऊ टक्के, वीस वर्षे. हप्ता जवळजवळ नऊ हजार. पहिल्या महिन्यात त्यातले साडेसात हजार व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम दीड हजाराने उतरते. वीस वर्षांत एकूण भरणा साडेएकवीस लाखांवर. दर बदलता असेल तर आणखी गंमत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. सात टक्क्यांनी नुकतेच दहा लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता होता ७,७५३ रुपये. दर साडेनऊ झाल्यावर त्याचे नुसते व्याजच महिन्याला ७,९०० च्या वर गेले. जुनाच हप्ता तो प्रामाणिकपणे भरत राहिला असता तरी कर्ज वाढतच गेले असते. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावे, असा आदेश त्यानंतर, ऑगस्ट २०२३ मध्ये निघाला. पुढे २०२५ मध्ये दर उतरू लागले. पण त्यांचा हप्त्यावर काय परिणाम झाला हे विचारायला किती जण बँकेत गेले असतील?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे १८७५ आठवल्यावाचून राहत नाही. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे हिसकावून जाळले. आपण ते दंगे 'दख्खनचे दंगे' म्हणून परीक्षेपुरते पाठ करतो. त्यानंतर १८७९ चा जो शेतकरी संरक्षणाचा कायदा झाला, तो मला अधिक बोलका वाटतो. रोख्यावरच्या आकड्यावर विसंबू नये, कर्जाचा पहिल्यापासूनचा हिशेब कोर्टाने तपासावा, फेडीला हप्ते बांधून द्यावेत, सावकाराने पावती आणि खात्याचा उतारा द्यावा, अशा त्यातल्या तरतुदी. म्हणजे त्या परक्या सरकारलाही एवढे उमगले होते, की ज्याला आपला कागद वाचता येत नाही त्याला नुसता कायदा पुरत नाही.

बँकांना शिव्या देण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. बँकेचा पैसा ठेवीदारांचा असतो. माझ्या आत्याची आयुष्याची पुंजी तशाच एका बँकेत आहे आणि ती बुडावी असे मला मुळीच वाटत नाही. झेपतच नसेल तर बँकेच्या संमतीने घर आपण होऊन विकणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते, कारण लिलावातला गिऱ्हाईक अडलेल्याची किंमत ओळखून येतो. पण प्रत्येक नोटिशीच्या माथ्यावर साध्या मराठीत चार ओळी असाव्यात, एवढी मागणी अवास्तव आहे काय? थकले किती, कोणत्या तारखेपर्यंत काय करता येईल, भेटायचे कोणाला, आणि घर सोडवण्याचा शेवटचा दिवस कोणता.

ती मागणी कोणी मान्य करीपर्यंत हे काम आपल्याला करता येईल. आमच्या मराठीच्या बाईंशी आणि वाणिज्य शाखेतल्या दोन मित्रांशी मी बोललो आहे. तिघेही तयार आहेत. ग्रंथालयाबाहेरचा व्हरांडा शनिवारी दुपारी दोननंतर रिकामा असतो. तेथे एक टेबल आणि दोन बाके मांडून, जो कोणी बंद पाकीट घेऊन येईल त्याला ते वाचून दाखवावे, तारखा मोजून द्याव्यात, अर्जाचा मसुदा लिहून द्यावा. पुढचे वकिलाकडे. प्राचार्यांकडे अर्ज दिला आहे. टेबल शिपाईमामांनी आत्ताच बाजूला काढून ठेवले आहे, एक पाय जरा डुगडुगतो.