देवापुढची सतरंजी

श्रावण सरत आला की अर्नाळ्याच्या घराघरांतून माळ्यावरचे सामान खाली उतरू लागते. मखराच्या पट्ट्या, समया, पितळी पराती, झांजांचे जोड, आणि या सर्वांच्या तळाशी दडलेली सतरंजी. समया उजळतात, पराती चिंचेने लख्ख होतात, मखराचा थाट तर विचारूच नये. सतरंजी मात्र आरतीची मंडळी दाराशी येऊन ठेपली म्हणजे कोणीतरी घाईघाईने झटकून अंथरतो. या घाईविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत. देवाच्या आसनाची आपण केवढी काळजी वाहतो! देवासमोर बसणाऱ्याच्या आसनाकडे मात्र आपले लक्ष नसते. आणि ही उपेक्षा आता इतकी वाढली आहे की पुष्कळ घरांतून सतरंजीच नाहीशी झाली असून तिच्या जागी प्लॅस्टिकची रंगीत चटई आली आहे.

चटई स्वस्त आहे, हलकी आहे, ओल्या फडक्याने पुसली की झाले, हे सारे मला मान्य आहे. परंतु तिच्यावर तासभर मांडी घालून बसून पाहावे. भाद्रपदातल्या उकाड्यात अंगाला घाम सुटतो, धोतर चिकटते, म्हातारी माणसे उठताना चटईसकट घसरतात, आणि बुवांनी आलाप घेतला असता कोणी जरा कूस बदलली तरी ती कुरकुरते. शिवाय २०१८ साली राज्यशासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातल्यापासून आपण मखरासाठी पुन्हा कापड, कागद, बांबू आणि फुले यांकडे वळलो. मखर शुद्ध, आणि त्याच्यापुढची बैठक प्लॅस्टिकची, हा काय प्रकार? भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात साधकाचे आसन कसे असावे हे सांगताना शुचि जागा, फार उंच नाही फार सखल नाही अशी बैठक, आणि दर्भ, अजिन, वस्त्र असा क्रमही दिला आहे. बसण्याच्या वस्तूचा एवढा विचार ज्या परंपरेने केला, त्या परंपरेतल्या घराने बैठकीविषयी इतके बेफिकीर राहू नये, एवढेच माझे म्हणणे.

हे म्हणण्याचा अधिकार मला फारसा नाही, हेही आरंभीच कबूल करतो. आमच्या घरी आजोबांच्या वेळची एक मोठी सतरंजी होती. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, ओटीभर पसरणारी. तिच्यावर आमच्या तीन पिढ्या आरतीला उभ्या राहिल्या आणि जेवणाच्या पंगतीही बसल्या. काही वर्षांपूर्वी विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी मी ती चौघडी घालून, वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून, माळ्यावर टाकली. हाताला कोरडी लागली होती. पुढल्या वर्षी उलगडली तेव्हा घड्यांवर काळ्या बुरशीचे डाग पडले होते, वास घरभर पसरला, आणि दोघांनी दोन टोके धरून ताणताच ती मधल्या घडीवर टरकली. आई तेव्हा एवढेच म्हणाली, "अरे, देवाच्या दारी आलेल्यांची बैठक तू ओली ठेवलीस." ते वाक्य माझ्या मनातून आजतागायत गेलेले नाही.

नवी घ्यावयास निघालो तेव्हा आपल्याला या वस्तूची काहीच ओळख नाही हे ध्यानात आले. शहरातल्या एका दुकानदाराने 'हातमागाची' म्हणून जी गळ्यात मारली, तिचा सुटा धागा घरी येऊन काडीने पेटवला तर तो वितळून काळा मणी झाला. सूत असते तर कागदासारखे जळून त्याची राख झाली असती. धाग्याची ही परीक्षा मी पैसे मोजण्यापूर्वी करावयास हवी होती.

गालिचा आणि सतरंजी यांतला भेद पुष्कळांना ठाऊक नसतो. गालिच्याला वर लव असते; ती एकेक गाठ मारून उभी केलेली असते. सतरंजीला लव नसते. मागावर उभा ताणा घट्ट ताणलेला असतो, त्यातून आडवा बाणा खालीवर नेत विणकर तो पंजाने, म्हणजे लोखंडी दात्यांच्या हत्याराने, ठोकून ठोकून असा बसवतो की ताणा पार झाकून जावा. डोळ्यांना दिसतो तो सगळा रंग बाण्याचा. म्हणूनच सतरंजीच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि एक बाजू झिजली म्हणजे ती उलटी अंथरता येते. गालिच्याला हे भाग्य नाही.

आपल्याकडे या विणकामाची ठाणी थोडी नाहीत. वऱ्हाडात अकोटच्या सतरंजीचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी असे. सीमेपलीकडे धारवाड जिल्ह्यात नवलगुंद येथे मुसलमान स्त्रिया घरातल्या उभ्या मागावर जमखाने विणतात. त्या कामाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. एकोणिसाव्या शतकात येरवडा, आग्रा, लाहोर येथील तुरुंगांतून बंदिवानांकडून सतरंज्या आणि गालिचे विणून घेतले जात. तुरुंगातल्या हातांनी आणि नवलगुंदच्या त्या भगिनींनी ठोकून बसवलेला बाणा शेवटी कोणाच्या तरी देवघरापुढे अंथरला गेला. सोवळ्या-ओवळ्याचा फार काथ्याकूट करणाऱ्या आमच्या एका नातलगांना हे मी सांगितले, तेव्हा त्यांनी विषय बदलला. असो.

कायद्यानेही या वस्तूची दखल घेतली आहे. १९८५ साली हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा झाला. त्या राखीव वाणांत ठरावीक प्रकारच्या सुती दऱ्या-जमखान्यांचा समावेश आहे. २००६ सालापासून हातमागाच्या मालावर 'हातमाग चिन्ह' लावण्याची योजना सुरू झाली. खरेदीच्या वेळी ते चिन्ह असल्यास उत्तमच. परंतु चिन्हावर सारा भार टाकून डोळे मिटू नयेत.

डोळे उघडे ठेवावयाचे ते असे. सतरंजी दुकानात पूर्ण उलगडायला लावावी. दुकानदार त्रासला तरी लावावी. ती जमिनीवर सपाट पडली पाहिजे, एखादा कोपरा वर उचलला जात असेल तर ताण्याचा ताण सारखा नव्हता असे समजावे. नखाने बाणा बाजूला सारून पाहावा. सहज सरकून ताणा उघडा पडला तर ठोकणी ढिली आहे. उजेडापुढे धरली असता चाळणीसारखी भोके दिसू नयेत. टोकाचे दशे ताण्याचेच असावेत, वेगळी झालर आणून शिवलेली नसावी. ओला पांढरा रुमाल तांबड्या आणि काळ्या पट्ट्यांवर चोळून पाहावा. रुमाल रंगला तर पहिल्याच धुण्यात पांढऱ्या पट्ट्याही रंगतील. मात्र एखादी पट्टी बोटभर कमीजास्त असेल, नक्षीचा एखादा कंगोरा दुसऱ्यासारखा नसेल, तर त्यावरून माल नाकारू नये. ती हाताची खूण आहे. यंत्राचा माल आखल्यासारखा एकसारखा असतो आणि आमच्या डोळ्यांना आता तेच सौंदर्य वाटू लागले आहे, ही आमच्या डोळ्यांची खोड.

किंमत जास्त पडते हे खरे. पण दहा दिवसांच्या रोषणाईवर आपण जो खर्च करतो, त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. रोषणाई पुढल्या वर्षी जुनी होते. आजोबांची सतरंजी माझ्या मूर्खपणापर्यंत टिकली होती.

आता निगेकडे वळू, कारण अर्नाळ्यासारख्या गावी खरा प्रश्न तोच आहे. पुण्या-नगरच्या कोरड्या हवेतले नियम येथे चालत नाहीत. समुद्र हाकेच्या अंतरावर, वारा खारा. हे मीठ कापडात शिरते आणि मीठ हवेतली ओल ओढून घेते, म्हणून किनाऱ्यावरचे सूत दिसायला वाळले तरी आतून दमटच राहते. त्यात पलीकडे किल्ल्यात त्र्यंबकेश्वरापुढे भजनाला जावयाचे तर बैठकही होडीतूनच न्यावी लागते. १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला आणि दारावर बाजीरावांच्या नावाचा शिलालेख मिरवणारा हा किल्ला. त्याच्या दगडालाही खारे वारे सोडत नाहीत, तेथे सुताची काय कथा! होडीत सतरंजीवर लाटेचे तुषार उडाले तर घरी आल्यावर ती नुसती उन्हात टाकून भागत नाही. गोड्या पाण्याने तेवढा भाग धुऊन मीठ काढून टाकावे आणि मगच वाळवावी.

आमची मुळातली चूक पंचांगाची आहे, असे मला वाटते. अनंत चतुर्दशी झाली की उत्सव संपला, सामान माळ्यावर, ही आमची रीत. पण कोकणपट्टीत तेव्हा पाऊस कोठे संपलेला असतो? हस्ताचा पाऊस अजून यावयाचा असतो. त्या ओलीत गुंडाळलेली सतरंजी बुरशीला आयते आमंत्रण देते. तेव्हा विसर्जनानंतर ती घरातच पसरून, नाहीतर दांडीवर सैल टाकून ठेवावी. पुढे नवरात्रात तिचे काम असतेच, कोजागरीलाही असते. दसरा उलटून आश्विनातले कडक ऊन पडले म्हणजे दोन-तीन दिवस सकाळची उन्हे द्यावीत, दोन्ही बाजूंनी. भर दुपारचे ऊन रंग उडवते. वेताच्या छडीने पाठीमागून धूळ झाडावी. घडी घालू नये, बांबूवर गुंडाळावी. घडीवरच सूत मोडते, हे मी पैसे मोजून शिकलो आहे. वरून जुने सुती लुगडे किंवा धोतर गुंडाळावे, प्लॅस्टिक कदापि नको. आत वाळलेला कडुनिंबाचा पाला घातला म्हणजे कसर लागत नाही. पाला पुरता वाळलेला हवा, हिरवा घातल्यास त्याचीच ओल लागते.

उत्सवातले डाग हा गृहिणींचा नित्याचा विषय. समईचे तेल सांडले तर चोळू नये; त्यावर डाळीचे पीठ टाकून ठेवावे, तेल शोषले गेले की झटकावे. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि घरात ओरड होते. घाबरू नये, पुढे ऊन दाखवले की तो फिका पडत जातो. गुलालाला पाणी लावणे ही सर्वांत मोठी चूक. तो कोरडाच झटकून, मऊ कुंचल्याने काढावा; ओला केला की सुतात मुरतो. उदबत्तीच्या निखाऱ्याने पडलेले भोक त्याच आठवड्यात त्याच रंगाच्या सुताने रफू करावे. किनार सुटू लागली तर काजाच्या टाक्याने बांधून घ्यावी. एक सुटा धागा पाहता पाहता वीतभर पट्टी उसवतो.

सगळी सतरंजी धुवावयाची वेळ वारंवार येऊ नये. आलीच तर उन्हाळ्यात धुवावी, रिठ्याच्या पाण्यात, आणि ओली दोरीवर लोंबकळत टाकू नये. पाण्याच्या भाराने ती ओढली जाऊन वाकडी होते. स्वच्छ फरशीवर किंवा खाटेवर आडवी पसरून पाणी निथळू द्यावे.

यंदा आमच्याकडे अकोटची नवी सतरंजी आली आहे. आईने ती हातात धरून नखाने बाणा सरकवून पाहिला, तो सरकला नाही. मग तिने दोन्ही बाजू पाहिल्या आणि कोणती वर घालायची ते सांगितले. गुंडाळण्यासाठी लागणारा बांबू मी कालच आगाशीच्या बाजारातून आणून ओटीच्या कोपऱ्यात उभा केला आहे. तो कोजागरीपर्यंत तेथेच राहील.