दुःख दाखवा, पण हिशेब मागू नका!

वर्ष संपले की बड्या वर्तमानपत्रांत वर्षातल्या उत्तम आणि फसलेल्या सिनेमांच्या याद्या झळकू लागतात. कोणत्या सिनेमाने किती कोटींचा गल्ला जमवला, कोणता नट चालला, कोणता पडला यावर रकानेच्या रकाने भरतात. २०२५ च्याही अशा याद्या येऊन गेल्या. त्यांत एक आकडा मात्र आम्हाला कुठे दिसला नाही. तो आकडा आहे तीन हजार! या एकाच वर्षात दोन हिंदी सिनेमांतून हा आकडा सेन्सॉर बोर्डाने काढायला लावला. एक सिनेमा जोतिराव-सावित्रीबाईंवरचा, दुसरा आजच्या कॉलेजात शिकणाऱ्या दलित मुलाचा. ही गुलामी, हा अन्याय तीन हजार वर्षांचा आहे, असे दोन्हींत म्हटले होते. पहिल्यात त्याचे 'कित्येक वर्षे' झाले, दुसऱ्यात 'शतकानुशतके'. आम्हाला आवडलेल्या आणि आमची निराशा करणाऱ्या सिनेमांची गोष्ट म्हणूनच या आकड्यापासून सुरू करावी लागते.

आधी 'फुले'. अनंत महादेवन यांचा हा सिनेमा ११ एप्रिलला, म्हणजे जोतिरावांच्या जयंतीला येणार होता. महाराष्ट्रातल्या काही ब्राह्मण संघटनांनी त्याची झलक पाहूनच आक्षेप घेतला आणि तारीख २५ एप्रिलवर गेली. प्रमाणपत्र देताना सेन्सॉरने 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द आणि मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढायला सांगितला होता. वाचकहो, जरा विचार करा. १८५५ साली जोतिरावांच्या शाळेतली विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. त्या निबंधाचे शीर्षकच मांग-महारांच्या दुःखाविषयी आहे. इंग्रजांच्या राज्यात एका शाळकरी मुलीला जे शब्द छापता आले, ते स्वतंत्र भारतात तिच्या गुरूंवरच्या सिनेमात अडचणीचे ठरले! हे शब्द तिथे शिवी म्हणून आलेले नव्हते. शाळेचे दार कोणाला बंद होते आणि ते कोणासाठी उघडले, हे सांगायला ते लागतात. ते गाळले की उरतात 'काही गरीब मुले', आणि जोतिराव उरतात एक दयाळू गृहस्थ.

सिनेमा म्हणून 'फुले'ने आम्हाला अर्धेच समाधान दिले. प्रतीक गांधी आणि पत्रलेखा यांनी मनापासून काम केले आहे. पण संवाद भाषणासारखे येतात आणि प्रसंग पाठ्यपुस्तकातल्या धड्यांसारखे एकामागून एक उलटत जातात. भटशाहीवर आणि शेतकऱ्याला नागवणाऱ्या नोकरशाहीवर सारखाच तुटून पडणारा जोतिरावांचा उपहास, त्यांचा आसूड आम्हाला पडद्यावर पुरेसा भेटला नाही. तो दोष सेन्सॉरवर टाकता येणार नाही.

दुसरा सिनेमा शाझिया इक्बाल यांचा 'धडक २'. तो १ ऑगस्टला आला. मारी सेल्वराज यांच्या २०१८ च्या 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ सिनेमाचा हा हिंदी अवतार. हिंदीत आणताना दिग्दर्शिकेने कॉलेजातले विद्यार्थी राजकारण वाढवले, आणि त्यात रोहित वेमुलाची आठवण करून देणारी एका विद्यार्थी नेत्याची आत्महत्याही आली. हे धाडस मानले पाहिजे. पण नायकाचा चेहरा रंगवून काळवंडला की तो दलित दिसतो, ही मुंबईच्या सिनेसृष्टीची जुनी खोड इथेही सुटलेली नाही. दलिताची कातडी कोणत्या रंगाची असते, हे यांना कोणी शिकवले?

या सिनेमाला सोळा बदल सोसावे लागले. त्यांतलाच एक त्या आकड्याचा. तीन हजार वर्षांचा अनुशेष सत्तर वर्षांत भरून निघणार नाही, असा तो संवाद होता. अनुशेष हा शब्द आमच्या वाचकांना नवा नाही. बिंदुनामावली आणि रिक्त राखीव जागा यांसाठी मोर्चे काढणाऱ्या प्रत्येक कर्मचारी संघटनेला त्याचा अर्थ ठाऊक आहे. अनुशेष मोजायचा तर आकडा लागतो, कारण आकडा आला की देणेकरी कोण हा प्रश्न आलाच. 'शतकानुशतके' म्हटले की सगळे धूसर होते. कोणी केले, किती काळ केले, कोणाचे किती देणे लागते, काहीच सांगायला नको. मार खाणारा दलित पडद्यावर चालतो, रडणारा चालतो, मरणारा तर फारच चालतो. हातात वही घेऊन हिशेब सांगणारा मात्र चालत नाही. २०२५ सालच्या कात्रीचा आम्हाला लागलेला अर्थ हा असा आहे.

मग निर्माते ही कात्री मान्य का करतात? यामागची यंत्रणा समजून घेतली पाहिजे. १९५२ च्या चित्रपट कायद्याखाली हे मंडळ प्रमाणपत्र देते आणि त्यावाचून सिनेमा थिएटरात लागत नाही. मंडळाचा निर्णय पटला नाही तर पूर्वी चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरणाकडे जाता येत होते. केंद्र सरकारने २०२१ साली ते न्यायाधिकरणच बंद केले. आता थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. थिएटरे ठरलेली, जाहिरातींवर पैसा लागलेला, व्याज चढत असलेले. अशा वेळी कोर्टाच्या तारखांची वाट कोण पाहणार? निर्माता सही करतो आणि शब्द जातो.

आणि हे सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या तत्त्वाच्या उलट चालले आहे. 'ओरे ओरु ग्रामत्तिले' या तमिळ सिनेमाचा खटला १९८९ साली त्या न्यायालयात आला होता. तो सिनेमा जातीवर आधारलेल्या आरक्षणावर टीका करणारा होता. तरीही न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र कायम ठेवले आणि निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्तिस्वातंत्र्य दाबता येणार नाही, असे बजावले. ते तत्त्व आम्हाला मान्य आहे. आमच्या विरोधात जाणाऱ्या सिनेमालाही ते लागू आहे, हेही मान्य आहे. पण मग आरक्षणाविरुद्ध बोलणाऱ्याला जे संरक्षण मिळाले, ते जोतिरावांच्या बाजूने बोलणाऱ्याला का मिळू नये? काही संघटनांनी आवाज चढवताच जयंतीची तारीख का हुकावी?

आता निराशेकडे वळू. सर्वाधिक गल्ला जमवणाऱ्या सिनेमांत २०२५ साली 'छावा'चे नाव वर होते. मध्य प्रदेश आणि गोवा सरकारांनी तो करमुक्त केला. संभाजी महाराजांचे शौर्य, त्यांचा छळ, त्यांचे मरण हे सारे त्यात मोठ्या आवाजात आहे. पण त्या मरणानंतर काय झाले? वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ महार यांची समाधी आहे. औरंगजेबाच्या दहशतीला न जुमानता महाराजांच्या देहावर अंत्यसंस्कार करणारा हाच तो माणूस, अशी परंपरा सांगते. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्या नावाचा फलक उद्ध्वस्त झाला आणि १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला काय घडले, ते सर्वांना ठाऊक आहे. महाराजांच्या बलिदानावर उभा राहिलेला एवढा मोठा सिनेमा गोविंद गोपाळांपर्यंत पोहोचत नाही. इथे कात्री सेन्सॉरने चालवलेली नव्हती. ती लिहिणाऱ्यांच्या मनातच होती.

सिनेमा लागल्यानंतर काय झाले, तेही आठवले पाहिजे. औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. या सिनेमामुळे औरंगजेबाविषयीच्या लोकभावना प्रज्वलित झाल्या, असे खुद्द मुख्यमंत्री विधिमंडळात म्हणाले. 'फुले'मुळे समाजात तेढ वाढेल म्हणून शब्द कापायचे आणि 'छावा' मात्र बिनदिक्कत करमुक्त करायचा, हा न्याय कोणता?

सर्वांत मोठी निराशा मात्र आम्हाला थिएटरात बघू न दिलेल्या सिनेमाची आहे. संध्या सुरी यांचा 'संतोष'. नवऱ्याच्या जागी पोलिसात लागलेली एक विधवा आणि एका दलित मुलीच्या बलात्कार व खुनाचा तपास, अशी ही गोष्ट. ब्रिटनने तो आपल्यातर्फे ऑस्करला पाठवला. भारतात मात्र सेन्सॉरने बदलांची यादी एवढी लांबवली की, ती मानली तर सिनेमाच उरणार नाही, असे दिग्दर्शिकेला वाटले आणि प्रदर्शन अडले. ऑक्टोबरमध्ये घरबसल्या पाहता येईल अशी घोषणा झाली, तीही रद्द झाली. आमच्या लेकीबाळींची गोष्ट कान आणि लंडनच्या प्रेक्षकांनी पाहायची, आणि हाथरस व खैरलांजी ज्या देशात घडले त्या देशाने पाहायची नाही!

एवढ्या अंधारात दोन सिनेमांनी आम्हाला खरे समाधान दिले. पहिला नीरज घायवान यांचा 'होमबाउंड'. चंदन आणि शोएब, एक दलित आणि एक मुसलमान, दोघे पोलीस भरतीच्या मागे लागलेले मित्र. टाळेबंदीत सुरतहून गावाकडे निघतात आणि वाटेत चंदन मरतो. टाळेबंदीतल्या खऱ्या घटनेवर हा सिनेमा बेतलेला आहे. कान महोत्सवात तो गाजला, भारतातर्फे ऑस्करला गेला आणि तिथल्या पहिल्या पंधरांत आला. आम्हाला तो आवडला तो दोन प्रसंगांसाठी. चंदन भरतीचा अर्ज राखीव जागेतून न भरता खुल्या वर्गातून भरतो. हक्काची जागा असूनही नाव लपवण्याची ती भीती आमच्या घराघरांतली आहे. आणि त्याच्या आईला शाळेत मुलांचे जेवण शिजवण्याचे काम मिळते, तर वरच्या जातीचे पालक तिच्या हातचे खायला नकार देतात. तिथे घायवान कोणालाही मोठ्याने रडायला लावत नाहीत, आणि तरी जीव कासावीस होतो. आपली जात उघडपणे सांगणारा दिग्दर्शक हिंदीत उभा आहे म्हणूनच हे बारकावे आले. या सिनेमालाही अकरा ठिकाणी बदल करावे लागले, हेही नोंदवून ठेवतो. एक सल मात्र उरतो. हिंदी सिनेमाच्या उत्तम वर्षातही दलित तरुण शेवटी मरतोच.

म्हणून दुसऱ्या सिनेमाचे मोल अधिक. मारी सेल्वराज यांचा 'बायसन' ऑक्टोबरमध्ये आला. अर्जुन पुरस्कार मिळवणारे कबड्डीपटू मणत्ती गणेशन यांच्या आयुष्यावरून स्फुरलेली ही कथा. जातीच्या वैरात पेटलेल्या दक्षिण तमिळनाडूतल्या खेड्यातला मुलगा भारतीय संघापर्यंत जातो. मुलगा खेळला तर वैरात सापडेल, या धास्तीने बापच आधी त्याला अडवतो. पण हा मुलगा जगतो, खेळतो आणि जिंकतो. दम धरून दुसऱ्याच्या अंगणात शिरायचे आणि रेषेला हात लावून परत यायचे, हा कबड्डीचा डाव कोणाची गोष्ट सांगतो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

हे तमिळमध्ये का होते? तिथे पा. रंजित यांनी 'नीलम' ही स्वतःची निर्मिती संस्था उभी केली. मारी सेल्वराज यांचा पहिला सिनेमा तिनेच काढला, आणि 'बायसन'मागेही तीच आहे. हिंदीत ज्या बड्या संस्थेने 'सैराट'वरून 'धडक' करताना २०१८ साली जात पुसट केली, तिनेच आता 'धडक २' आणि 'होमबाउंड' काढले. चांगले झाले. पण मालकाच्या मर्जीवर मिळालेली जागा मालकाच्या मर्जीवरच जाते. आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' या सिनेमाचा मुहूर्त १९५४ साली बाबासाहेबांच्या हस्ते झाला होता, ही गोष्ट उगीच नाही. दुसऱ्यांची पत्रे आपले गाऱ्हाणे छापणार नाहीत, हे ओळखून त्यांनी १९२० साली 'मूकनायक' काढले. गावोगावच्या आंबेडकरी जलशांनी स्वतःचे फड उभे केले. कॅमेऱ्याच्या बाबतीत ते काम अजून बाकी आहे. महाराष्ट्रात नागराज मंजुळे यांनी 'फँड्री'पासून वाट पाडली, पण एका माणसाच्या खांद्यावर सगळा भार किती दिवस टाकणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. अपील न्यायाधिकरण पुन्हा सुरू करा. प्रत्येक कापलेला शब्द आणि त्याचे कारण जनतेसमोर ठेवा. 'संतोष' प्रदर्शित होऊ द्या. आणि आपल्या समाजातल्या नोकरदार, व्यावसायिक मंडळींना विनंती आहे. जयंतीच्या डीजेवर उधळल्या जाणाऱ्या पैशातला थोडा वाटा आपल्या मुलामुलींच्या हातातल्या कॅमेऱ्याला द्या. आपली माणसे सिनेमा काढतील तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिकीट काढून जा, कारण दुसऱ्या आठवड्यात खेळ उरत नाहीत.

तीन हजार हा आकडा पडद्यावरून खोडला, म्हणून देणे फिटले असे कोणी समजू नये. आमच्या वहीत तो जसाच्या तसा आहे.