काळीतले घर

‘घर पाहावे बांधून’ असे ज्याने प्रथम म्हटले, त्या गृहस्थाने ते काळ्या जमिनीत बांधले असावे. इस्लापूरला वडिलांनी बांधलेल्या आमच्या घराच्या भिंतीत एक भेग आहे. वैशाखात तीत करंगळी जाते, भाद्रपदात पोस्टकार्डही शिरत नाही. दर दिवाळीला आम्ही ती बुजवतो, उन्हाळ्यात ती पुन्हा तोंड उघडते. गेल्या वर्षी देवघराचे दारच अडकले, तेव्हा आईने फर्मान काढले, ‘‘पाडा हे घर आणि नवे बांधा. पण इथेच!’’

पैसा माझ्या फंडातला, म्हणून ठेकेदार मीच गाठला. तो म्हणाला, ‘‘पाया तीन फूट. सगळ्यांचा तेवढाच आहे, सर.’’ मला ते पटलेही. मराठीच्या प्राध्यापकाला पाया म्हटला की वाङ्मयाचाच आठवतो!

इतक्यात टोरांटोचा भाचा दिवाळीला आला. इमारतीआधी जमीन तपासणे हाच त्याचा धंदा. तिकडे जमिनीखाली प्राचीन हिमनद्यांनी टाकलेला गाळ. माती, वाळू आणि धोंडे यांची खिचडी. भोक पाडताना धोंडा लागला की नवखा माणूस ‘खडक लागला’ म्हणून थांबतो आणि त्या धोंड्याखाली पुन्हा मऊ माती असते. म्हणून चार ठिकाणी भोके पाडायची, कठीण लागल्यावरही आणखी खाली जाऊन खात्री करायची.

‘‘बर्फाच्या गोष्टी तिकडे सांग,’’ मी म्हणालो. ‘‘इथे पैनगंगा आहे.’’

‘‘मामा, याच पैनगंगेच्या खालच्या अंगाला, चंद्रपूरजवळ इरई गावी, हिमनदीने घासून ओरखडलेला चुनखडक आहे. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. फेडन नावाच्या भूशास्त्रज्ञाला तो दीडशे वर्षांपूर्वी दिसला.’’

सहस्रकुंडाचा धबधबा आमच्या उशाशी, नदीशी तीन पिढ्यांचा घरोबा; पण ही बातमी तिने आम्हाला कधी दिली नव्हती.

‘‘आपल्या अंगणात मात्र बर्फाचा गाळ नाही,’’ तो म्हणाला, ‘‘काळी आहे. ती त्याहून खट्याळ.’’

दुसऱ्या दिवशी दोन कोपऱ्यांत खड्डे सुरू झाले. शेजारचे म्हातारबा कुंपणाशी येऊन उभे राहिले. ‘‘विहीर खंदायलाव का, सर?’’ एका कोपऱ्यात सात फुटांवर मुरूम लागला. दुसऱ्यात नऊ फूट खणले तरी काळीच! म्हणजे घराचा एक पाय कमी काळीत, दुसरा जास्त. पावसाळ्यात दोन्ही सारखे कसे उचलले जाणार?

मग भाच्याने आईचे दोन काचेचे पेले मागितले. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम काळी दोन्हींत घातली, एकात पाणी ओतले आणि दुसऱ्यात आईने जपून ठेवलेले घासलेट. चोवीस तासांनी पाहतो तो घासलेटातली माती होती तेवढीच आणि पाण्यातली जवळजवळ दुप्पट! या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज आपल्या पापुद्र्यांत पाणी ओढून घेते. फुगवटा ५० टक्क्यांवर गेला की सावध व्हावे. मोठ्या इमारतींसाठी याखेरीज साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडतात आणि नळी ३० सेंटिमीटर रुतायला किती ठोके लागले ते मोजतात.

म्हातारबांना मी पेले दाखवले. ते हसले. ‘‘तुमच्या वडलांनी हौसेनं काळीत घर बांधलं. आम्ही तवाच म्हणलो होतो, गाव पांढरीवर हाय ते उगं न्हाई.’’

मी चपापलो. ‘काळी-पांढरी’ हा जोडशब्द वीस वर्षे वर्गात शिकवतो आहे. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. पुढचा शब्द घ्या! त्यात घराचा पाया दडला असेल हे कधी सुचले नाही. अर्थात जुने ते सारेच शहाणे, असेही नव्हे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतीच झोपलेल्या माणसांवर कोसळल्या.

उपाय आहे. काळ्या मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने जमिनीतल्या खांबांची एक पद्धत बसवून दिली. खांब साधारण साडेतीन मीटर खाली न्यायचा, जिथे ऋतू बदलला तरी ओल फारशी बदलत नाही, आणि तळाशी त्याला कंदासारखा फुगवटा द्यायचा, म्हणजे वरची माती फुगली तरी तो उपटून निघत नाही.

रात्री हिशेब मांडला. खांब घातले तर वरची खोली रद्द. ती माझ्या पुस्तकांसाठी होती. मी भाच्याला हळूच विचारले, ‘‘साडेतीनऐवजी दोन मीटर चालेल का रे?’’

त्याच्याआधी आईच म्हणाली, ‘‘मेल्या, त्या देवघराच्या दाराला तीस वर्षे खांदा मी लावला आहे, तू नाहीस.’’ आणि ती पुन्हा पेला घासू लागली. घासलेटचा वास काही जाईना.

पुढच्या महिन्यात भोके पाडायचे यंत्र येणार आहे. पुस्तके नांदेडलाच राहतील.