जेरबंद

वर्तमानपत्र उघडावे तो कोणी ना कोणी जेरबंद झालेला असतोच. कधी दरोडेखोर, कधी वस्तीत शिरलेला बिबट्या. परंतु हा शब्द मुळात ना चोराचा, ना बिबट्याचा. तो आहे घोड्याचा. फारसीत ‘जेर’ म्हणजे खाली आणि ‘बंद’ म्हणजे पट्टा. घोड्याच्या तोंडाकडून निघून, पुढच्या दोन पायांमधून जाऊन पोटाखालच्या तंगाला बांधलेला जो पट्टा, तो जेरबंद. घोड्याने मान वर झुगारू नये, एवढेच त्याचे काम. ‘जेरीस आणणे’ हा वाक्प्रचारही त्याच ‘जेर’चा आप्त.

आपली भाषा घोड्यावरून पुष्कळ हिंडलेली आहे. आपण मांड ठोकतो, टाच मारतो, खोगीरभरती करतो. पागा ओस पडल्या, शब्द मात्र घरात राहिले. ‘घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली?’ या कोड्याचे ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर घरातले पोरही सांगेल. पण घोडा फिरवणे म्हणजे त्याला नुसते हिंडवून आणणे नव्हे. घोडा ‘फेरणे’ म्हणजे त्याला शिकवून तयार करणे. हे काम करणाऱ्याला जुन्या मराठीत चाबूकस्वार म्हणत, आणि त्याची खरी परीक्षा होई ती घोड्याची मान बसवण्यात.

मानेचे एवढे महत्त्व का? उभ्या घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. त्यात स्वाराची भर पडते. मस्तकाच्या मागून खांद्यांमधल्या उंचवट्यापर्यंत मानेत एक जाड, लवचिक दोर असतो. मान पुढे आणि किंचित खाली लांबवली की हा दोर ताणला जातो व पाठ वर उचलली जाते. मान वर झुगारली की पाठ खोलगट होते आणि स्वाराचे ओझे नेमके तिथेच आदळत राहते. उलट हनुवटी छातीला टेकेपर्यंत मान आवळली, तर श्वासाची वाट अरुंद होते. आणि घोडा तर केवळ नाकानेच श्वास घेतो. शिवाय त्याला अगदी कपाळासमोरचे दिसत नाही. गाविलगडासारख्या चढावर वाटेतला दगड पाहायचा, तर मान हलवायला मोकळीक हवीच.

भीमेच्या काठचे लहानखुरे, चिवट भीमथडी तट्टू या चालीसाठीच नावाजलेले. मराठी फौजा १७३७ मध्ये दिल्लीपर्यंत आणि १७५८ मध्ये अटकेपर्यंत गेल्या, त्यांत या तट्टांचा मोठा भरणा होता. २०२४ मध्ये भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदही झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ मध्ये एका दिवसात शंभर मैल जाण्याची शर्यत सुरू झाली. आज आंतरराष्ट्रीय शर्यतींतही दिवसाला १६० किलोमीटरपर्यंत दौड असते. वाटेत पशुवैद्य नाडी आणि चाल तपासतात. शेवटच्या तपासणीत नापास झाला, तर पहिला आलेला घोडाही बाद! तिथे दिवसभर लगामाशी झगडणाऱ्या घोड्याचा निभाव लागत नाही.

मग मान बसवायची कशी? गंमत अशी की, हे शिक्षण तोंडापासून नव्हे, मागच्या पायांपासून सुरू होते. प्रथम स्वतः जमिनीवर उभे राहून, लांब दोरीवर, दोन्ही बाजूंनी मोठ्या वर्तुळात फिरवायचे. मग पाठीवर बसून सावकाश चाल, नंतर दुडकी. पोटऱ्यांनी मागचे पाय पुढे घ्यायला सांगायचे आणि लगामाशी हाताचा हलका, सारखा संबंध ठेवायचा. घोड्याने मान ढिली करून पुढे लांबवली की त्याच क्षणी हात सैल करायचा. तो सैल हात हेच त्याचे बक्षीस. असे महिनोन्‌महिने चालते. आणि इतके करूनही मान झुगारणारा घोडा हट्टीच असतो असे नाही. पुष्कळदा त्याचा दात दुखत असतो किंवा खोगीर टोचत असते.

सैल बांधलेला जेरबंद उपकारकच आहे. घोड्याने एकाएकी मान उडवली, तर स्वाराचे नाक वाचते. आवळलेला जेरबंद मात्र शिकवत काहीच नाही; केवळ शिकल्यासारखे दाखवतो. ही हौस आपलीच असे नव्हे. इंग्लंडात बग्गीच्या घोड्यांच्या माना पट्ट्याने उंच ताणून ठेवण्याची फॅशन होती; तिच्याविरुद्ध ॲना स्युएलने १८७७ मध्ये ‘ब्लॅक ब्यूटी’ या कादंबरीतून आवाज उठवला. बळजबरीने मान छातीकडे वाकवणे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने अमान्य ठरवले, त्याला तर २०१० साल उजाडावे लागले.

आमच्या राजापेठेत वरातींना घोडी देणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांपाशी हा विषय काढला. ते म्हणाले, “पाहा जी सर, पट्टा आवळला का घोडी देखणी दिसते. लोकायले वाटते, मान कशी डौलदार हाय! पण ठेच लागली तं सावराले तिले मानच लागते. मान बांधली तं नवरदेव खाली.”

“मग आवळता कशाला?”

“लोकायले नाचणारी पायजे न जी! सादी उभी रायली तं पैसे कापतात.”

त्यांच्या या उत्तरात आपण सारे आलो. घोडीवाल्याला कळत नाही असे नाही. त्याला जे कळते, त्याचे पैसे आपण देत नाही, आणि जे त्याला पटत नाही, त्याला मात्र आपण टाळ्या देतो. विचार केला तर ही गोष्ट घोडीपुरती राहत नाही. चारचौघांत मुलाने पाहुण्यांपुढे ‘शहाण्यासारखे’ बसावे म्हणून आपण डोळे वटारतो, तेव्हा मुलाची मान बसलेली असते की आवळलेली, हे ज्याने त्याने ताडून पाहावे.

आता दिवाळी झाली की तुळशीचे लग्न, आणि पाठोपाठ माणसांची. वरातीत सगळ्यांच्या नजरा नवरदेवाच्या फेट्यावर असतात. एकदा घोडीच्या छातीखालीही पाहावे. पट्टा तारेसारखा ताठ आहे का? बँडच्या दणदणाटात तिच्या डोळ्यांतले पांढरे दिसते आहे का? आणि सौदा ठरवताना तेवढे सांगावे, “काका, पट्टा दोन भोके सैल ठेवा. नाचली नाही तरी पैसे पुरे देऊ.”