हातानं वाट दाखवून भागत नाही

दिवाळी उलटली की अकोले तालुक्यातल्या डोंगरांवर शनिवार-रविवारची गर्दी सुरू होते. बारी गावात रात्रीच गाड्या लागतात आणि कळसूबाईच्या वाटेवर बॅटऱ्यांची रांग दिसते. तिथं सहसा कुणी चुकत नाही. माणसं चुकतात ती आडवाटांना. रतनगडाहून कात्राबाई खिंडीतून कुमशेतला उतरताना, किंवा खिरेश्वरकडून तोलार खिंड चढून हरिश्चंद्रगडाच्या मंदिराकडं जाताना. तिथं एकीमागून एक टेकडी येते आणि सगळ्या सारख्याच दिसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याकडचे सहा जण याच गडावर धुक्यात वाट चुकले. पावसात उघड्यावर रात्र काढावी लागली आणि त्यातला एक जण गारठून गेला.

पावसाळ्याची निदान भीती तरी वाटते. हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असतं, म्हणून माणूस बेसावध राहतो. पण मार्गशीर्षात वाळलेलं गवत वाटेवर आडवं पडलेलं असतं आणि त्यातून गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा खऱ्या वाटेपेक्षा ठळक दिसतात. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कड्यांच्या सावलीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येतं. घामानं भिजलेला सदरा अंगावर असताना पठारावरचा वारा सुटला, की दिवसभर उन्हानं हैराण झालेला माणूस थोड्याच वेळात थरथरू लागतो.

एका हिवाळ्यात कात्राबाई खिंडीखाली कुमशेतच्या एका वयस्क गुराख्यासोबत मी उतरत होतो. बाजूच्या गवतातून विशीतला एक मुलगा धडपडत आला. सोबती पुढं निघून गेलेले, फोनला रेंज नाही, बोलताना जीभ अडखळत होती. ‘‘मामा, गाव कुठल्या बाजूला?’’ एवढंच तो विचारत राहिला.

मामांनी वाट सांगितलीच नाही. ‘‘आधी बस, बाबा. पाणी पी.’’ मग त्याला ओला सदरा काढायला लावून स्वतःची घोंगडी दिली, फडक्यातली नागलीची भाकरी मोडून हातात ठेवली. तो थोडा सावरल्यावर विचारलं, ‘‘शेवटचं वळखीचं काय दिसलं व्हतं तुला?’’ त्यावरून तो कुठं फुटला हे त्यांनी ओळखलं. ज्या वाटेनं तो उतरत होता ती ढोरवाट पुढं कड्याशी जाऊन संपत होती. मी विचारलं, ही ढोरवाट हे कळतं कशावरून? ते म्हणाले, कारवीच्या फांद्या बघा. गुरं खालून जातात, माणूस छातीशी आलेली फांदी मोडून जातो.

मला हेच सांगायचं आहे. गारठ्यात अंगाआधी बुद्धी मंदावते. ‘ओढा ओलांड, मग डावीकडं वळ’ यावर असा माणूस मान डोलावतो आणि दहा पावलांवर सगळं विसरतो. त्याला हातानं दिशा दाखवून पुढं जाणं म्हणजे त्याला पुन्हा एकदा हरवू देणं. त्याच्याबरोबर चालायला हवं, ओळखीच्या वाटेपर्यंत किंवा पहिल्या घरापर्यंत. कोरडे कपडे आणि शुद्धीत असेल तर गोड, गरम चहा द्यावा. ऊब येईल म्हणून दारू मात्र अजिबात देऊ नये. सापडलेला एकटाच होता का, हेही तेव्हाच विचारावं, कारण मागं आणखी कुणी असू शकतं. शोध घ्यायची वेळ आली तर गिर्यारोहकांच्या महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा ७६२०२३०२३१ हा क्रमांक आहे.

पण शहरातून पथक पोचायला काही तास लागतात. तोवर डोंगरात शिरतात ती कुमशेत, पाचनई, साम्रदची महादेव कोळी आणि ठाकर माणसं, बरेचदा हातात साधी बॅटरी घेऊन. त्या रात्रीचे कुणी पैसे मागत नाही. त्या मुलाच्या घरच्यांनी दुसऱ्या दिवशी पुढं केलेल्या नोटा मामांनीही घेतल्या नाहीत. त्यांच्या या मोठेपणाचं कौतुक करून गप्प बसणं मला पटत नाही. दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते, पाय घसरला तर दवाखान्याचा खर्च त्यांच्याच माथी येतो. पाचनईला अभयारण्याचं प्रवेशशुल्क आपण सगळेच भरतो. त्यातून प्रत्येक वाडीत एक स्ट्रेचर, चांगले दोर, डोक्याला लावायच्या बॅटऱ्या आणि शोधाला जाणाऱ्यांचा विमा व रोज एवढं तरी निघालं पाहिजे, आणि तेही याच हिवाळ्यात.